करड्या रेघेच्या खाली

१

देवश्रीने शेवटचा श्वास घेतला तो मी पाहिला नाही, आणि तिने शेवटचा फोटो काढला तोही मी पाहिला नाही. पहिल्या गोष्टीला साक्षीदार आहेत: माझी धाकटी बहीण कमल, तिचे यजमान, देवासच्या दवाखान्यातली एक परिचारिका. दुसऱ्या गोष्टीला कोणीही नाही.

धारच्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. २००५च्या मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासण्यासाठी मी उज्जैनला होते. नऊ वर्षांची देवश्री, माझी एकुलती एक मुलगी, सुट्टीत मावशीकडे देवासला गेली होती. सुभाषने, म्हणजे माझ्या यजमानांनी, बोनसमधून घेतलेला डिजिटल कॅमेरा तिने हट्ट करून बरोबर नेला होता. सेल लवकर संपू नयेत म्हणून मागचा पडदा बंद ठेवायला आणि वरच्या छोट्या खिडकीला डोळा लावून फोटो काढायला मीच तिला शिकवलं होतं. तो नियम तिने कधी मोडला नाही.

मेंदूज्वर होता. उज्जैनहून देवासला पोचायला बसला फारसा वेळ लागत नाही. तेवढाही मिळाला नाही. बसमधून उतरताना माझा चष्मा पडून फुटला. पुढे धारला नवा केला, जाड काळ्या काड्यांचा. आधीचा सोनेरी तारेचा होता. चष्म्याचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून हे इथेच नोंदवते.

सुभाषचे पूर्वज धार संस्थानात दफ्तरदार होते आणि घरातल्या चाली अजून त्या काळच्या आहेत. त्यांतली एक अशी, की आईबापांच्या आधी गेलेल्या लेकराची छबी घरात ठेवायची नाही. अस्थींबरोबर ती खलघाटला नर्मदेत सोडायची. माझ्या सासूबाई, अक्का, यांनी अल्बम, शाळेचं ओळखपत्र, टेबलाच्या काचेखालचा वाढदिवसाचा फोटो, सगळं एका पांढऱ्या पंच्यात बांधलं.

"चेहरा घरात राहिला की लेकरू जाता जाता वळून बघतं, सूनबाई," त्या म्हणाल्या. "वाट चुकतं मग."

मी त्या दिवशी विरोध करण्याच्या अवस्थेत नव्हते.

घरात मागे राहिल्या त्या फक्त स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या रेघा. दर पाडव्याला सुभाष तिला चौकटीला पाठ टेकवून उभं करत आणि डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीने खूण करत. लाकूड नदीत सोडता येत नाही.

कॅमेरा देवासलाच राहिला. तो आणण्याचं धैर्य कमलला वर्षभर झालं नाही. वर्ष भरलं तेव्हा ती आली, देवश्रीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि अक्कांजवळ जाऊन बसली. पिशवीत कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढं कार्ड. माझ्या मुलीचा चेहरा अजून कुठे उरला असेल, तर तो त्या कार्डात होता.

२

नवे सेल घालून कॅमेरा चालू केला. पडद्यावर दोन ओळी आल्या: कार्डात बिघाड आहे, फॉरमॅट करायचं का? खाली 'हो' आणि 'नाही'. फॉरमॅट म्हणजे कार्ड पुसून कोरं करणं. खूण आपोआप 'हो'वर आलेली असायची, आणि मी प्रत्येक वेळी ती सरकवून 'नाही'वर नेत असे.

बिघाड शोधण्याची एक शिस्त असते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी कार्डाच्या कडेची कुलपाची खिट्टी मागेपुढे करून पाहिली. सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. दुसरं कार्ड घातलं. कॅमेरा बिनतक्रार चालला. हे कार्ड महाविद्यालयातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात घातलं. तिथेही तोच प्रश्न, तेच 'हो'. म्हणजे कॅमेरा निर्दोष होता, दोष कार्डाचा.

"टाक ना ते," सुभाष म्हणाले. पीथमपूरच्या कारखान्यातून ते नुकतेच परतले होते. शिफ्टच्या बसची धूळ अजून बुटांवर होती. "एक साल हो गया, नलू. रोज तेच काढून बसतेस."

"तुम्हाला तिला बघायचं नाही?"

"मला दिसते ती." त्यांनी बूट काढले. "मशीनची गरज नाही पडत मला."

सेल गळून आत गंज चढू नये म्हणून ते काढून, कॅमेरा आणि सेल शेजारी शेजारी, मी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवत असे.

या कॅमेऱ्यात फोटो काढल्याचा आवाज निवडता येतो. देवश्रीने पक्ष्याचा निवडला होता, एकच बारीक 'चिव'. एका सकाळी दूध तापत असताना तो आवाज मी दाराच्या बाजूने ऐकला.

स्वयंपाकघराच्या झरोक्यात चिमण्यांचं घरटं होतं. मी वर पाहिलं. चिमणी दिसली नाही, पण चिमणी दिसलीच पाहिजे असं काही नाही.

बाहेरच्या पडवीत अक्का माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"थांब गं बाई," त्या म्हणाल्या. "पदर तर घेऊ दे डोक्यावर. नेहमीची घाई तुझी."

"कोणाशी बोलताय, अक्का?"

"फोटो काढतेय ना ती."

वर्षभरात अक्कांचं काळाचं भान पुसट झालं होतं. कधी त्या वारलेल्या मामंजींसाठीही पान वाढायला सांगत. मी दूध उतरवलं, हात पुसले आणि खण उघडला. कॅमेरा होता तिथेच होता. सेल त्याच्या बाजूला, आडवे.

३

कार्ड घेऊन मी देवासला गेले. कॅमेराही पर्समध्ये होता. कमलच्या ओळखीच्या उमाशंकरचा फोटो स्टुडिओ होता आणि संगणकावर बिघडलेली कार्डं वाचून देण्याचं कामही तो करत असे.

"ताई, तू बाहेर बस, मी बघते," कमल दुकानाच्या पायरीवर म्हणाली. "तुला नाही झेपणार."

"तुला झेपेल?"

"मी बघितलंय ना सगळं. आता फोटोत काय वेगळं बघणार आहे?"

दोघी आत गेलो. उमाशंकरने कार्ड उजेडात धरून उलटसुलट पाहिलं.

"मैडम, फारमेट तो नी मारा किसी ने?"

"नहीं. एक बार भी नहीं."

"तो फिर टेंशन नी. कारड मरा नी है, बेहोश है."

त्याचं सॉफ्टवेअर बराच वेळ चाललं. मग एकेक चित्र पडद्यावर येऊ लागलं आणि तो खुर्चीत पुढे झुकला. "अरे भिया. ये तो सब आधे आ रिये हैं."

यात गूढ काही नव्हतं. डिजिटल चित्र वरून खाली, ओळीओळीने उलगडतं. माहितीचा धागा तुटला की तिथून खालचा सगळा भाग एकसारखा करडा दिसतो. प्रत्येक फोटोला मध्यावर अशी सरळ कड होती. वर जग, खाली करडं.

वरच्या जगात टेकडीवरच्या देवीच्या देवळाचे झेंडे होते, आकाश होतं. कमलच्या घरातला पंखा, घड्याळ. काही फोटो घरच्यांनी देवश्रीचे काढले होते: पंख्याखाली कमल खाली बघून खळखळून हसत होती. एका फोटोत तिचे यजमान आंब्याची फोड उंच धरून कोणाला तरी चिडवत होते. त्या फोटोत करड्या कडेच्या अगदी वर दोन बोटांची टोकं आली होती, फोडीकडे ताणलेली. बाकी कुठेही काही नव्हतं. जिच्याकडे बघून सगळे हसत होते ती प्रत्येक वेळी कडेखाली होती.

"बच्ची छोटी थी ना मैडम," उमाशंकर हळू आवाजात म्हणाला. "नीचे रह गई."

कमल उठून बाहेर गेली.

सर्वांत शेवटचा फोटो वेगळा होता. उमाशंकरने विचारलं, "ये आप हो ना?"

मीच होते. धारच्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. उजवीकडे भिंतीवरची भांड्यांची स्टीलची मांडणी, मागे झरोक्याचा उजेड. मी खाली बघत होते आणि हसत होते. हनुवटीखाली करडं सुरू झालं होतं.

"पुराना होगा," मी म्हणाले. "देवास आने से पहले का."

"लेकिन नंबर तो सबसे आखरी का है."

"ख़राब कार्ड में नंबर का क्या भरोसा."

हे उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं. त्याने सगळे फोटो एका सीडीवर उतरवून दिले आणि कार्ड परत केलं. परतीच्या बसमध्ये ऊन डोळ्यांवर येत होतं. काचा पुसाव्यात म्हणून मी चष्मा काढला आणि तो तसाच हातात धरून राहिले. फोटोतल्या माझ्या चष्म्याच्या काड्या जाड होत्या, काळ्या.

४

शक्यता मी क्रमाने तपासल्या. जुन्या चष्म्याची तार सावलीत काळी दिसली असेल? सीडीवरची प्रत मोठी करून पाहिली. तशी दिसली नव्हती. कार्ड तपासताना माझ्याच हातून बटण दाबलं गेलं असेल? तर मी फोटोत समोर कशी? कॅमेरा कुठेतरी टेकवून, काही सेकंदांनी आपोआप फोटो काढणारी सोय चुकून चालू झाली असेल? असेल. पण कॅमेरा ते कार्ड स्वीकारतच नव्हता, आणि एकदा चुकून स्वीकारलं असं मानलं तरी एक गोष्ट उरतेच. त्या वर्षात मी हसले असेन, पण अशी हसले असते तर मला कळलं असतं.

मी कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घातलं. या वेळी फॉरमॅटचा प्रश्न आला नाही. उमाशंकरच्या सॉफ्टवेअरने कार्डातल्या माहितीची मांडणी दुरुस्त केली असावी. पडद्यावर थेट तो शेवटचा फोटो आला, आणि करडी कड हनुवटीखाली नव्हती. ती माझ्या खांद्यांच्या खाली होती.

सीडी लावली. तिथे हनुवटीखालीच.

कार्डाच्या पट्ट्या थोड्या अधिक स्वच्छ झाल्या असतील, संपर्क सुधारला असेल, म्हणून थोडं अधिक वाचलं जात असेल. हे स्पष्टीकरण मी विद्यार्थ्यांना दिलं असतं तर त्यांनी ते मान्य केलं असतं. मी कार्ड काढलं, कुलपाची खिट्टी लावली, पुन्हा घातलं. कड तिथेच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, पडवीत अक्कांचा डोळा लागला असताना, पुन्हा पाहिलं. आता कोपरं दिसत होती. दोन्ही हात पुढे आलेले, डावं कोपर उजव्यापेक्षा किंचित उंच.

ही ठेवण मला ओळखीची होती. रोज सकाळी दूध तापत असताना, शाळेच्या गडबडीत, देवश्री ओट्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि मी तिच्या वेण्या घालायची. डाव्या हातात केस धरले की माझं कोपर असंच वर जातं. "आई, घट्ट नको गं," ती रोज म्हणायची. मी रोज घट्टच घालायची.

त्यानंतर मी काय मानत होते ते सांगणं माझ्या शिक्षणाला शोभणारं नाही. मी मानत होते की कड आणखी चार बोटं उतरली की माझ्या हातांतले केस दिसतील, त्याखाली भांग, आणि एखाद्या दिवशी, तिने मान वळवलेली असेल तर, गाल. मी दिवसातून एकदाच पाहायचं असं ठरवलं आणि ते पाळलं. महाविद्यालयात तास घेत होते, घरी भाकरी भाजत होते. कड मनगटांपर्यंत आली.

ज्या दुपारी बोटं दिसली, त्या दुपारी मी पडदा डोळ्यांजवळ नेला. डाव्या हाताची बोटं धरल्यासारखी वळलेली होती. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवरून जात होती. बोटांच्या मध्ये ओट्याची काळी कड दिसत होती, आणि तापणाऱ्या दुधाचं पातेलं.

केस नव्हते. माझ्या हातांत कोणीच नव्हतं.

५

त्या रविवारी सुभाष घरी होते. मी कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले. "करून टाका कोरं. माझ्याने 'हो' दाबवणार नाही."

त्यांनी तो उचलला. वर्षभरात पहिल्यांदाच. अंगठा बटणावर गेला आणि मग थांबला. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"हा कधी काढलास?"

"मी नाही काढला."

"टायमर लावून काढला असशील."

"नाही. हे असं काही झालंच नाही. मी अशी कधी उभीच राहिले नाही."

सुभाषने कॅमेरा खाली ठेवला. "तू रोज सकाळी अशीच उभी असतेस, नलू."

"कशी?"

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. डावं कोपर वर. उजव्या हाताची बोटं हवेत एकमेकांवरून नेली. "अशी. ती गेली त्या महिन्यापासून. फर्स्ट शिफ्टला निघतो तेव्हा बघतो मी दारातून. दूध उतू जायला येतं मग भानावर येतेस, अन् गॅस बंद करतेस."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू?" त्यांनी हात खाली घेतले. "हसतेस तू तेव्हा. सालभर में बस उतना ही हँसती देखा तुझको. तेही बंद करू?"

पडवीत अक्कांच्या माळेचे मणी सरकत होते. मी माझ्या हातांकडे पाहिलं. फोटोत काही खोटं नव्हतं. ज्या गोष्टीला सुभाष रोजचे साक्षीदार होते, ती मीच तेवढी पाहिली नव्हती.

सुभाषनेच पुढचं विचारलं. माझ्या ते इतक्या दिवसांत मनातही आलं नव्हतं; मी करड्या भागाखेरीज कुठे पाहिलंच नव्हतं.

"मग हा काढला कोणी?"

६

फोटो कुठून काढला आहे हे फोटोतच असतं. खोलीतली जी फळी डोळ्याच्या वर असते तिचा तळ दिसतो. जी खाली असते तिची वरची बाजू दिसते. जिचा तळही दिसत नाही आणि वरची बाजूही नाही, जी निव्वळ एका रेघेसारखी दिसते, ती डोळ्याच्या बरोबर उंचीवर असते. हे मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवते.

मांडणीच्या वरच्या दोन फळ्यांचे तळ फोटोत दिसत होते. तिसरीवरच्या वाट्या फळीच्या वर तरंगल्यासारख्या होत्या आणि फळी एक रेघ होती. दिशेवरून पाहता कॅमेरा दारात होता, चौकटीला लागून. मी ओट्यापाशी ज्या बाजूला खाली बघत होते, त्या बाजूला कोणी नव्हतंच. जे होतं ते दारात होतं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी मान वर केली नव्हती.

गवंडी भिंतींची पातळी जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तशी एक आमच्या प्रयोगशाळेत होती. ती मी दुसऱ्या दिवशी घरी आणली. संध्याकाळी सुभाष कारखान्यातून आले, मी काही सांगण्याआधीच त्यांनी हात धुतले आणि नळीचं एक टोक हातात घेतलं. मी माझं टोक तिसऱ्या फळीला लावलं. ते दारात जाऊन बसले आणि त्यांनी दुसरं टोक चौकटीला धरलं, पाडव्याच्या रेघांशेजारी. नळीतलं पाणी हेलकावलं आणि हळूहळू दोन्हीकडे सारखं होऊ लागलं.

"सुभाष," पडवीतून अक्कांचा आवाज आला, "पाडवा आहे का रे आज?"

"नाही, अक्का."

"मग चौकटीला कोणाला उभं केलंयस?"

पाणी स्थिर झालं. सुभाषने खिशातली पेन्सिल काढली आणि पाण्याच्या पातळीला खूण केली. ती डोळ्याची उंची झाली. डोळ्यापासून टाळूपर्यंत त्या वयाच्या मुलांत साधारण अर्धी वीत अंतर असतं. तेवढं वर मोजून त्यांनी दुसरी खूण केली आणि मग ते बाजूला सरकले, मला दिसावं म्हणून.

तिने त्या दिवशी कॅमेरा डोळ्यापेक्षा उंच धरला असेल. मांडणी किंचित तिरकी असेल. मी ती तपासली, नव्हती, पण माझी मोजणी चुकू शकते. अर्धी वीत हे सरासरी माप आहे. या सगळ्या शंका मला मान्य आहेत आणि त्यांच्यासकट मी हे लिहिते आहे. कार्ड आम्ही कोरं केलेलं नाही, आणि खलघाटलाही नेलेलं नाही. सुभाष आता निघताना दारातून हाक मारतात तेव्हा मी हातातलं टाकून मान वर करते. दारात तेच असतात.

देवश्रीची शेवटची खूण तिच्या नवव्या वर्षीच्या पाडव्याची आहे. नवी खूण तिच्या तीन बोटं वर पडली. मुली त्या वयात वर्षभरात साधारण तेवढ्याच वाढतात.